चाळीस हिरवी स्टुलं

ती आकडा टाकायची, कॅल्क्युलेटर क्षणभर तळहाताखाली झाकायची, मग दोन बोटांनी तो माझ्याकडे फिरवायची. "माय फ्रेन, लास्ट." ते लास्ट कधीच नसायचं. हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

बहरीनमध्ये राहिलेल्यांनी चिनी मालाचा तो मोठा बाजार पाहिला असेल. तिथे तिचा, म्हणजे त्या चिनी बाईचा, प्लास्टिकच्या सामानाचा गाळा होता. मी या देशात हॉटेलात भांडी धुवायला आलो. आज गुदैबियात माझं स्वतःचं दुकान आहे, आणि ते मी कुणाच्या मेहरबानीवर उभं केलेलं नाही. आवाज चढवला की भाव उतरतो, हा माझा अनुभव. तिच्यापुढे तो चालला नाही. मी ओरडायला लागलो की ती थर्मासमधलं गरम पाणी पेल्यात ओतायची आणि माझं बोलून होईपर्यंत फुंकर घालत बसायची. मी तिला मावशी म्हणायचो. अर्थ तिला माहीत नव्हता, पण हाकेला ओ द्यायची.

तिच्याकडे सगळे मिळून दहा शब्द असतील. खलास, लास्ट, आणि सगळ्यात लाडका मफी, म्हणजे नाही. एवढ्या भांडवलावर तिने मला चीनमधल्या तिच्या वस्तीतल्या चौकाचा अख्खा इतिहास सांगितला.

गिऱ्हाईक नसलं की ती गाळ्याच्या मधोमध स्टुलं मांडायची. आधी कॅल्क्युलेटरवर साल टाकून दाखवायची, मग एकेकाकडे बोट. चारी बाजूंचे खोके म्हणजे गिरणीकामगारांच्या इमारती. लाल स्टूल म्हणजे विहीर. पांढरं म्हणजे न्हावी. ते कळावं म्हणून तिने माझ्या कानामागून दोन बोटांची कात्री फिरवली. निळ्या रांगा म्हणजे सिनेमा. भिंतीवर चादर बांधलेली, आणि जो तो घरून आपापलं स्टूल घेऊन आलेला. विहिरीजवळ एक हिरवं. त्यावर ती हात ठेवायची, मग स्वतःच्या छातीवर. ही तिची जागा.

पुढच्या खेपेला साल बदललेलं असायचं. विहीर बुजली, लाल स्टूल उचललं. न्हावी गेला. काही स्टुलं उलटी झाली, म्हणजे मोटारी आल्या. एकदा तिने हात वर करून गाळ्यातच गिरकी घेतली. चौकात संध्याकाळी बायका गाणी लावून नाचू लागल्या होत्या. सगळं हललं, हिरवं स्टूल तिथेच.

"मावशी, डिस्काउंट?"

"मफी," ती म्हणायची आणि एक मोटार पुढे सरकवायची.

आता माझी तक्रार ऐका.

भीमजयंतीच्या कार्यक्रमासाठी इथल्या आपल्या लोकांच्या मंडळाला चाळीस हिरवी स्टुलं हवी होती. मी गेलो तेव्हा चौक मोडलेला होता. सगळी स्टुलं थप्पीला लागलेली, जमिनीवर ते हिरवं तेवढं एकटं उभं. थप्पीत हिरवी एकोणचाळीसच भरली.

"मावशी, ते पण दे."

"मफी."

"मफी काय? समोर दिसतंय."

"मफी, माय फ्रेन."

बाहेर पिकअपवाला हॉर्न वाजवत होता. माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं माल उचलतो आणि एका स्टुलासाठी मला अडवतेस, असं मराठीतच काहीबाही बोललो, ते स्टूल पाय धरून उचललं आणि थप्पीवर ठेवलं. मग कॅल्क्युलेटर ओढून माझा आकडा टाकला. मुद्दाम फार खालचा टाकला, ती भांडेल म्हणून.

तिने तो पाहिला. "ओके," म्हणाली.

हीच माझी तक्रार. अकरा वर्षांत तिने माझा पहिला आकडा कधी मानला नव्हता. तिने भांडायला हवं होतं. आणखी दोनदा मफी म्हणाली असती तर मी ते स्टूल खाली ठेवलं असतं. ठेवलं असतं, असं मला वाटतं.

आठवड्याने गेलो तर शटर खाली. शेजारचा पडदेवाला पठाण म्हणाला, "अंकल, वो तो मुल्क चला गया. वीजा कॅन्सल करके. उसके घर के सामने का मैदान खलास. फोन पे दिखाया था, चारों तरफ टीन लगा दिया, अंदर मशीन खोद रहा है."

"कब दिखाया?"

"जिस दिन तुम इधर गरम हुआ था. उसी सुबह."

मी तसाच माहूजला मंडळाच्या सेक्रेटरींकडे गेलो. कार्यक्रम होऊन गेला होता, स्टुलं त्यांच्या हॉलमध्ये होती. मी एकेक उलटं करून पाहिलं. चाळीसच्या चाळीस सारखी. मला वीस वर्षांपूर्वीचे भाव तोंडपाठ आहेत, पण या हाताने उचललेलं स्टूल ओळखता येईना.

"सगळी परत घेतो," मी म्हणालो.

सेक्रेटरी हसले. "जय भीम शेठ, आधी बसा तरी. विकलेला माल परत? मग दर आम्ही सांगणार." सांगितला, आणि चढाच सांगितला. मी पैसे काढले. ते माझ्याकडे बघत राहिले. "अहो, थोडी तरी घासाघीस करा. तब्येत बरी आहे ना?"

आता ती स्टुलं माझ्या दुकानात असतात. थप्पी लावली की मावशीचं कुठेतरी खाली दबणार, म्हणून सकाळी शटर उघडलं की मी ती रांगांनी मांडतो. पुढे एका विहिरीपुरती जागा सोडतो.

गिऱ्हाईक विचारतं, "हे स्टूल कितीला?"

"मफी."

"मफी काय? चाळीस तर समोर आहेत."

मी थर्मासमधलं गरम पाणी पेल्यात ओततो आणि त्याचं बोलून होईपर्यंत फुंकर घालत बसतो.