पराभवाचा आगाऊ अहवाल

जे. पी. नगरच्या भाजीवाल्यांत पुरुषोत्तम सदलगेकरांची, म्हणजे अण्णांची, जरा दहशतच होती. वांगं हातात आलं की ते आधी देठ बघायचे, मग ते उजेडाकडे धरून सगळीकडून फिरवायचे, आणि शेवटी वांग्यालाही वाईट वाटावं अशा आवाजात म्हणायचे, "हे नापास." सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेली. त्यांच्या हाताखालून गेलेला एक बोल्ट कधी परत आला नव्हता. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल-नारळाबरोबर दोन रबरी शिक्के दिले, 'पास' आणि 'नापास'. त्यांनी दिले गमतीनं, अण्णांनी घेतले मनावर. तेव्हापासून विजेचं बिल, देवळाची पत्रिका, डॉक्टरांची चिठ्ठी, काही म्हणून सुटत नसे. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या जितेंद्रनं एकदा स्थळ म्हणून आलेल्या मुलीचा बायोडेटा सहज दाखवायला आणला, तर त्यावरही 'नापास' उमटला. का, तर उंचीच्या आकड्यापुढे फूट की सेंटिमीटर ते लिहिलेलं नव्हतं.

असा हा माणूस एकाच मालाला डोळे मिटून पास करायचा. तो माल म्हणजे श्रमजीवी पक्ष.

श्रमजीवी पक्ष डाव्या विचारांचा. निशाणी पाना, म्हणजे नट आवळायचा तो. विधानसभेत त्याचे दोन आमदार होते, दोघेही विरोधी बाकांवर, आणि त्या दोघांचंही आपसांत पटत नव्हतं. अण्णांच्या वॉर्डात मागच्या खेपेला पक्षाला दोनशे बारा मतं पडली होती.

"अण्णा, पुण्याच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर याच्यापेक्षा जास्त मेंबर्स आहेत," जितेंद्र म्हणायचा. तो इलेक्ट्रॉनिक सिटीत कॉम्प्युटरवर काहीतरी करायचा आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचे युजर्स मोजायचा.

"तिथं लोक फुकट सुप्रभात म्हणायला येतात," अण्णा म्हणायचे. "आमच्याकडे विचार करून येतात."

"म्हणूनच कमी येतात," आतून वीणाक्कांचा आवाज यायचा.

वीणाक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. चाळीस वर्षं त्यांनी श्रमजीवी पक्षाची धोरणं कणीक मळता मळता, लसूण सोलता सोलता ऐकली होती. मत कुणाला देतात ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचा धीर अण्णांना झाला नव्हता.

अण्णांची इच्छा एकच होती. आयुष्यात एकदा तरी मतदान यंत्रावर आपलं नाव असावं, शेजारी आपला फोटो, त्याच्या शेजारी पाना. जिंकायचं वगैरे मनात नव्हतं, माणूस वास्तववादी होता. नुसतं नाव हवं होतं. तीस वर्षं झेंडे बांधले, चिठ्ठ्या वाटल्या, सतरंज्या झटकल्या, पण तिकीट दरवेळी दुसऱ्याला. एकदा एका कवीला दिलं, एकदा एका वकिलाला, आणि एकदा तर म्हैसूरला राहायला गेलेल्या माणसाला दिलं, कारण तो गेल्याचं पक्षाला कळलंच नव्हतं. आता मात्र महापालिकेची निवडणूक येऊ घातली होती (ती कित्येक वर्षं 'लवकरच' येऊ घातलेली होती, ते सोडा) आणि पक्षाचे शहर सचिव भीमाचार्य म्हणाले होते, "अण्णा, यंदा तुमचाच विचार चाललाय. फक्त तुमचं जाहीर भाषण एकदा ऐकलं पाहिजे."

भीमाचार्य हे अजब रसायन होतं. नावात आचार्य, झोळीत क्रांती, आणि एकादशीला उपास, तोही फक्त तब्येतीसाठी.

भाषण म्हटल्यावर अण्णांना मल्लेश्वरमचं मराठी मंडळ आठवलं. मंडळाच्या वार्षिक वादसभेचा यंदाचा विषयच होता, 'श्रमजीवी पक्षाला या शहरात भवितव्य आहे'. अण्णांनी त्याच दिवशी नाव नोंदवलं आणि त्याच संध्याकाळी भीमाचार्यांना आमंत्रण देऊन टाकलं.

इथंच चुकलं. चौतीस वर्षं प्रत्येक नट मापून घेणारा माणूस स्वतःच्या आनंदात मंडळाचा नियम मापायला विसरला. पूर्वी मंडळात लोक आपापल्या खऱ्या मतांवरून भांडत. एका वर्षी मेट्रो जमिनीखालून असावी की वरून, यावर दोन कुटुंबं अशी जुंपली की पुढची आठ वर्षं त्यांनी एकमेकांकडचा तिळगूळ घेतला नाही. तेव्हापासून अध्यक्ष प्रेमाक्कांनी नियम केला की कुणी कुठल्या बाजूनं बोलायचं ते चिठ्ठी ठरवणार. म्हणजे मंडळात स्वतःचं मत बोलायची सोय राहिली नाही आणि सगळीकडे शांतता नांदू लागली.

सभेच्या आधीच्या रविवारी पितळी डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या. अण्णांची निघाली 'विरुद्ध'. ऐनवेळी एक वक्ता गळाला म्हणून प्रेमाक्कांनी वीणाक्कांना पुढं ढकललं. त्यांची निघाली 'बाजूनं'.

घरी आल्यावर वीणाक्कांनीच पर्स टेबलावर ठेवत विषय काढला. "अहो, एवढं काय? चिठ्ठ्या बदलू की आपण. कोण बघायला येतंय?"

"मी बघतोय की," अण्णा म्हणाले.

"मग डोळे मिटा दोन मिनिटं."

"वीणा, चौतीस वर्षं..."

"कळलं. एकही बोल्ट परत आला नाही."

अण्णांनी भीमाचार्यांना फोन लावला. पण भीमाचार्य फोनवर राजकारण बोलत नसत. सरकार आपले फोन ऐकतं अशी त्यांची खात्री होती. खरं म्हणजे त्यांचं बोलणं त्यांच्या सख्ख्या मेहुण्यानंही कधी पुरतं ऐकलेलं नव्हतं. अण्णांनी "चिठ्ठी" म्हणताच ते कुजबुजले, "सरी, सरी, बरं बरं, अण्णा! चिठ्ठीचं तिथंच बोलू," आणि फोन बंद.

तो आठवडा सदलगेकरांच्या घरात फार चमत्कारिक गेला. अण्णा गच्चीवर आपल्याच पक्षाविरुद्ध भाषण पाठ करत, आणि खाली येऊन वीणाक्कांना पक्षाच्या बाजूचे मुद्दे शिकवत.

"मुद्दा पहिला, सार्वजनिक मालकी. काय सांगशील?"

"टँकर."

"टँकर नाही गं, सार्वजनिक मालकी."

"तेच की. बोअर आटली की टँकरवाला राजा होतो. तो राजा पालिकेचा नोकर पाहिजे. झालं की तुमची सार्वजनिक मालकी."

"याला सैद्धांतिक बैठक नाही," अण्णा हताश होऊन म्हणाले.

"पाणी नसलं की बैठक आठवत नाही हो माणसाला."

सभेच्या दिवशी जितेंद्रनं दोघांना आपल्या गाडीतून मल्लेश्वरमला नेलं. वाटेत अण्णा एकसारखे मागं वळून बघत होते. भीमाचार्य येऊ नयेत म्हणून त्यांनी तीन देवांना सांगून ठेवलं होतं, आणि नास्तिक असल्यामुळं ते कुणाला सांगता येत नव्हतं. देवांनी अर्धंच ऐकलं. भीमाचार्य रहदारीत अडकून पाऊण तास उशिरा आले. प्रेमाक्कांनी चिठ्ठीचा नियम समजावून सांगितला तेव्हा ते नव्हते, आणि अण्णा बोलायला उभे राहिले नेमके तेव्हा ते दुसऱ्या रांगेत येऊन बसले. झोळीतून वही काढून, पेनचं टोपण उघडून.

 आत्ता खोकला आला म्हणून खाली बसलो तर तिकीट वाचतं, असा एक विचार अण्णांच्या मनात येऊन गेला. पण चिठ्ठी खिशात होती आणि तिच्यावर 'विरुद्ध' असं प्रेमाक्कांच्या अक्षरात लिहिलेलं होतं.

"मित्रहो," अण्णा श्राद्धाला आल्यासारखे म्हणाले, "श्रमजीवी पक्षाला भवितव्य नाही."

पहिली दोन मिनिटं ते असंच कण्हत बोलले. मग त्यांच्यातला तपासनीस जागा झाला.

"या पक्षाचं जाहीर पत्रक अठ्ठेचाळीस पानांचं असतं. पहिलं पान दक्षिण अमेरिकेवर. आपल्या गल्लीतलं गटार एक्केचाळिसाव्या पानावर. मतदार तिथवर पोचेतो निकाल लागलेला असतो!"

सभागृह हसलं. अण्णांना ते हसणं गोड लागलं.

"यांची सभा सहाची असते. साडेसातला सतरंजी येते, आठला माइक येतो, आणि साडेआठला अध्यक्ष विचारतात, लोक का येत नाहीत? लोक येऊन गेले, महाराज! तीस वर्षं ऐकतोय, परिस्थिती परिपक्व होत आहे. अहो, एवढ्या वेळात फणससुद्धा पिकून, खाऊन, आठळ्यांची भाजी होते! माझं म्हणणं एवढंच आहे. माल चांगला, पॅकिंग भिकार. आणि पॅकिंग भिकार असेल तर माल नापास!"

टाळ्या थांबेनात. जितेंद्र तर उभा राहून शिट्टी वाजवत होता. अण्णा खाली बसले आणि मग त्यांना भीमाचार्य दिसले. ते मान खाली घालून भराभर लिहीत होते. संपलं, अण्णा मनात म्हणाले. हकालपट्टीचा मसुदाच दिसतोय.

मग वीणाक्का उठल्या. त्यांनी टँकरचं सांगितलं. बसथांब्यावर छप्पर नाही हे सांगितलं. घरकाम करणाऱ्या बायकांना आठवड्याची पगारी सुटी मिळाली पाहिजे, हे पक्षाच्या पत्रकात तेविसाव्या पानावर आहे, हेही सांगितलं. "मी वाचलंय," त्या म्हणाल्या. "घरात दुसरं काही वाचायला नसायचं." दक्षिण अमेरिकेचं नावसुद्धा निघालं नाही.

जितेंद्रनं हात वर केला. "अक्का, सगळं ओके आहे, बट सगळ्यांना पाणी कुठून देणार? फिजिबल आहे का?"

"जितू, तुझ्या ऑफिसात कारंजं आहे ना?"

"आहे."

"कशाला?"

जितेंद्रनं बराच विचार केला. "अँबियन्स," तो म्हणाला, आणि स्वतःच खाली बसला.

सभा संपल्यावर बटाटेवडे आणि केसरीबात, म्हणजे केशरी शिरा, होता. अण्णा हातातल्या वड्याकडे नुसते बघत होते. तेवढ्यात भीमाचार्यांनी येऊन त्यांना मिठीच मारली. वडा दोघांच्या मध्ये सापडला.

"अण्णा! वीस वर्षं पक्षात आत्मटीकेचा ठराव करतोय. दर अधिवेशनात करतो. पण आत्मटीका करायला कोणी तयार होत नव्हता. आज तुम्ही भर सभेत केलीत! केवढं धैर्य!"

अण्णांनी खिशातली चिठ्ठी चाचपली. बोलावं की बोलू नये? तिकीट पुन्हा डोळ्यांपुढे हलायला लागलं होतं. पण खोटा माल पास करायची सवय हाताला नव्हती. त्यांनी चिठ्ठी काढून दाखवली आणि मंडळाचा नियम सांगितला.

भीमाचार्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. "म्हणजे ते तुमचं मत नव्हतं?"

"तसं..." अण्णा अडखळले. "मत नव्हतं. पण माप बरोबर होतं."

"झालं तर! मग सांगतो. तिकीट वीणाक्कांना."

अण्णांचा वडा खाली पडला.

"आणि तुमच्यासाठी त्याहून मोठी जबाबदारी. पराभवाचा अहवाल! आपल्याकडे तो नेहमी रखडतो, अण्णा. मागच्या पराभवाची कारणं अजून छापखान्यात आहेत. यंदा तो आधीच लिहून ठेवू. तुमच्याइतकी कारणं कुणालाच माहीत नाहीत. मान्य आहे, तुम्हाला तिकीट हवं होतं. पण स्वल्प अ‍ॅडजस्ट करा."

परतीच्या वाटेवर गाडीत वीणाक्का म्हणाल्या, "अहो, मला नको ते तिकीट. मी सांगते त्यांना. तीस वर्षं तुम्ही वाट बघितलीत."

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. वाईट वाटत होतं, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. 

"वीणा, एक विचारू? मागच्या वेळी ते दोनशे बारा होते ना, त्यांत तू होतीस?"

"दरवेळी होते की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही भाषण थांबवलं असतंत तर सांगितलं असतं!"

पुढं जितेंद्रचे खांदे हलत होते. अण्णांनी घसा साफ केला. "माल चांगला," ते हळूच म्हणाले, "आणि पॅकिंगही बरं आहे. तू उभी राहा."

दुसऱ्या दिवशी अण्णा अहवाल लिहायला बसले. 'पराभवाची कारणे' असं लिहून खाली रेघ मारली. कारण पहिलं, उमेदवार अननुभवी. तेवढ्यात उमेदवार चहा घेऊन आल्या आणि वाकून वाचू लागल्या. अण्णांनी ती ओळ खोडली. कारण दुसरं सुचेना. दुपारपर्यंत सुचलं नाही. चार वाजता त्यांनी ड्रॉवर उघडला, शिक्का काढला आणि अहवालावर मारला, 'नापास'. मग कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर नवीन पत्रक लिहायला घेतलं. एकच पान, आणि पहिल्याच ओळीला टँकर.

जितेंद्रनं त्यावर वीणाक्कांचा फोटो बसवून नमुना आणला. अण्णांनी तो उजेडाकडे धरला, उलटा केला, सुलटा केला, आणि आनंदाच्या भरात 'पास'चा शिक्का हाणला. तो नेमका फोटोत, कपाळाच्या जरा वर बसला. छापखान्यानं तो नमुना जसाच्या तसा छापला, दोन हजार प्रती.

निवडणूक अजून लवकरच आहे. भीमाचार्य अहवालाबद्दल विचारतात आणि अण्णा मुदत वाढवून मागतात. पण बाजारात भाजीवाले हल्ली वांगं पुढं करण्याआधी पत्रकातल्या कपाळाकडे बोट दाखवून हसत विचारतात, "काय अण्णा, अक्कांना पास केलंत, मग आमच्या वांग्यानं काय घोडं मारलंय?"

अण्णा वांगं देठाशी बघतात. "पत्रक वाचलं का सगळं?" ते विचारतात. "आधी ते वाच, मग वांग्याचं बघू."