वंदनाच्या रजा

सरकारी सेक्शनमध्ये फायली साचतात तसे किस्सेही साचतात. फायली निदान रेकॉर्ड रूमला पाठवता येतात. वंदनाची नागपूरला बदली होऊन आठ महिने झाले. तिच्या खुर्चीवर आता दुसरं कोणी बसतं. पण मी डबा उघडला की तिचाच एखादा किस्सा आठवतो, आणि सांगायला समोर मराठी कळणारं कुणी नसतं.

दिल्लीच्या या सेक्शनमध्ये आम्ही दोघीच मराठी. ती अमरावतीची, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहायची. मी शाहीन, सोलापूरची, रोज फरीदाबादहून येते. आमचे सेक्शन ऑफिसर शर्माजी म्हणायचे, "आप दोनों लड़ रही हैं या बातें कर रही हैं, पता ही नहीं चलता."

*

दर महिन्याला वंदनाची दोन दिवस रजा ठरलेली. अर्जात कधी ताप, कधी जुलाब, कधी पाठदुखी. एकदा शर्माजींनी मागचे सगळे अर्ज टेबलावर मांडले. "मैडम, हर महीने नई बीमारी?"

"बीमारी तो एक ही है, सर," वंदना म्हणाली. "नाम बदल-बदल के लिखती हूँ, ताकि आपको शरम न आए."

शर्माजींनी अर्ज न वाचताच सही केली. त्यानंतर कायम न वाचताच करत राहिले.

*

मी तरी कुठे शहाणी होते? ऑडिटच्या आठवड्यात ती मला रेकॉर्ड रूममध्ये सापडली. दोन कपाटांच्या मधे, जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. मी म्हटलं, "अगं, पाळी सगळ्यांनाच येते. चल, ऊठ."

ती उठली. दिवसभर काम केलं. संध्याकाळी निघताना एवढंच म्हणाली, "शाहीन, तुलाही वाटतं ना, मी नाटक करते?"

 

*

डॉक्टरांचा किस्सा ती स्वतःच रंगवून सांगायची. चौदाव्या वर्षी अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, "लग्न झालं की थांबेल." लग्नानंतर दिल्लीतल्या डॉक्टर म्हणाल्या, मूल झालं की थांबेल. "आणि मूल का होत नाही म्हणून विचारलं, तर म्हणे टेन्शन घेऊ नका."

रेकॉर्ड रूमच्या त्या प्रकारानंतर मीच तिला फरीदाबादला एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला पाऊण तास बोलू दिलं, तपासण्या केल्या. पुढच्या वेळी कागदावर चित्र काढून समजावलं. गर्भाशयाला आतून अस्तर असतं, तसंच काहीसं तिच्या पोटात बाहेरही वाढत होतं, अंडाशयावर, आतड्याजवळ. दर महिन्याला तेही सुजायचं, आणि आतले अवयव एकमेकांना चिकटायचे. एंडोमेट्रिओसिस.

वंदना रडायला लागली. डॉक्टर म्हणाल्या, "घबराइए मत, इलाज है."

"घबराई नहीं हूँ," ती म्हणाली. "बीस साल में पहली बार किसी ने कहा कि दर्द सच में है."

*

ऑपरेशन झालं. दुखणं बरंच कमी झालं, पण गेलं नाही. मूल होईल का, याला डॉक्टर हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. बदलीची ऑर्डर आली तोवर तरी झालं नव्हतं.

नागपूरला जायच्या आधी आम्ही करोल बागेत कपडे घ्यायला गेलो. दुकानात तिला एकदम कळ आली. ती तिथल्या गादीवरच बसली, दोन्ही हात पोटावर. म्हाताऱ्या दुकानदारांनी पंखा तिच्याकडे वळवला, लिंबूपाणी मागवलं आणि मायेने विचारलं, "कौन सा महीना है, बेटी?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात वंदना म्हणाली, "चौथा."

त्यांनी तिच्या पिशवीत एक पिवळं झबलं टाकलं. स्वतः बाहेर येऊन ऑटो थांबवली आणि ड्रायव्हरला बजावलं, "धीरे चलाना, घर में खुशखबरी है."

त्याने खरंच एकेक खड्डा जपून चुकवला. मधेच आरशात बघून विचारलं, "झटका तो नहीं लगा, दीदी?"

मी काहीतरी बोलायला पुढे वाकले. वंदनाने माझा हात धरला आणि मराठीत, अगदी हळू म्हणाली, "राहू दे गं. सरोजिनी नगर येईपर्यंत राहू दे."