गल्लीला सांगायचं दैवत

शिरूरमध्ये घर शोधायला लागले तेव्हा माझी एकच अट होती, तळमजला. आईचे दोन्ही गुडघे गेलेत आणि आम्ही राहतो ती इमारत लिफ्टविना, त्यात आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. दिवाळीपासून आई खाली उतरलीच नव्हती. दौंड तालुक्यात, वरवंडला, जन्मभर अंगणात वावरलेली बाई आता बाल्कनीच्या गजांतून खालच्या भाजीवाल्याशी ओरडून गप्पा मारायची. मला ते बघवत नव्हतं.

मी कॉलेजात इतिहास शिकवते. तिसऱ्या वर्षाला युद्धानंतरची अमेरिका आहे. आमची पोरं ऊस आणि एमआयडीसीच्या मधली, पण या पेपरला वर्ग भरलेला असतो. बसमधल्या मागच्या जागा, पाण्याचे वेगळे नळ, लढाईवरून परतलेल्या काळ्या सैनिकाला नव्या कॉलनीत घर न विकणं, हे सांगितलं की पोरं पेटतात. "असली कसली माणसं, मॅडम!" वेगळ्या नळावर चिडणाऱ्या या मंडळींना आपापल्या गावातली विहीर कशी आठवत नाही, याचं मला आधी नवल वाटायचं. पुढं पुढं तेही वाटेनासं झालं.

यंदा मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली होती. रंगानं उजळ असलेले काही काळे लोक गोऱ्यांच्या वस्तीत गोरे म्हणूनच राहायचे. नोकरी मिळायची, घर मिळायचं. फक्त आपल्या माणसांना ओळख दाखवायची नाही. यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मग आई घरी आली तर, मॅडम?" मी काहीतरी उत्तर देऊन पुढं गेले.

आबांचं घर मला कॉलेजच्या क्लार्कनं सुचवलं. आबा मूळचे मांडवगण फराट्याचे, मोठे बागायतदार. मुलगा अमेरिकेत गेला तसे नवरा-बायको शिरूरच्या बंगल्यात आले. स्वतः वर राहायचे आणि खालचा मजला भाड्यानं द्यायचा होता. मी फोन केला, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. "वरवंड? म्हंजी नदीपल्याडचं. आपलंच माणूस की! या, आईला पन घेऊन या."

आमचं आडनाव मराठ्यांतही आहे आणि आमच्यातही. त्यामुळं 'आपलंच माणूस' हे मी पुष्कळदा ऐकलेलं आहे. पण फोनवर कशाला बोलायचं, म्हणून मी सोडून दिलं.

आई प्रत्येक वळणावर जिन्यात बसत खाली उतरली. रिक्षातून आम्ही पोचलो आणि घर बघूनच तिचा चेहरा खुलला. रस्त्यावरून थेट आत, मध्ये एकही पायरी नाही. पुढच्या खोलीत खिडकीतून ऊन आलेलं. तिनं खिडकीखालच्या जागेकडं बोट केलं. "माझी कॉट हितं." आबा खुशीत हसले आणि वर चहा सांगितला.

मी अमेरिका शिकवते हे कळल्यावर तर ते खुर्ची पुढं ओढूनच बसले. मुलानं तिकडं नुकतंच घर घेतलं होतं. शेजारी एक काळी म्हातारी. पहिल्याच दिवशी ती घरी केलेला केक घेऊन आली आणि आपली हकिगत सांगून गेली. ती नवी नवरी असताना त्या गल्लीत राहायला आली, तेव्हा गल्ली सगळी गोऱ्यांची होती. घर कुणालाही घेता येईल असा कायदा झाला होता, पण लोकांनी दगड मारून तिच्या खिडक्यांच्या काचा फोडल्या. एकेका गोऱ्याचं घर विकायला निघालं.

"खरं हाय का वो हे, मॅडम?"

"खरं आहे, आबा."

"शिकलेली माणसं ना ती? आन् माणसाला शेजारी माणूस नको?" त्यांचा आवाज चढला होता. "पोरगा म्हनला, बाबा, ही माणसं तवा भांडली म्हनून आज मला हितं घर मिळालं. ती म्हातारी हटली न्हाई म्हनून. मला रात्री जेवान गेलं न्हाई, सांगतो तुम्हाला."

डोळे खरोखर भरले होते त्यांचे. मी भारावून गेले. इतकी वर्षं शिकवते आहे, पण तिथल्या काळ्यांच्या लढ्याचं फळ आपल्या पोराच्या ताटात आलंय, हे एकाही विद्यार्थ्यानं मला असं सांगितलं नव्हतं. माणूस मला मनापासून आवडला.

चहा आला. आईनं कप हातात घेतला. आबांनी बशीत चहा ओतता ओतता विचारलं, "बरं, कुलदैवत कोणतं तुमचं? आमचं जेजुरी."

साखर हवी का विचारावं इतक्या सहज. आमच्याकडं जात कुणी तोंडावर विचारत नाही, दैवत विचारतात.

"आम्ही बौद्ध आहोत, आबा."

त्यांचा हात थांबला. नजर आईच्या हातातल्या कपावर गेली आणि तिथून झटकन खिडकीबाहेर. पुढचं वाक्य मला पाठ आहे. मुलगा येणार आहे, पाहुणे येणार आहेत, घराचं काम काढायचंय. मी पर्स उचलली.

"बसा, बसा," आबा म्हणाले. उठून त्यांनी पुढचं दार लोटलं आणि हळू आवाजात बोलायला लागले. "घर तुमचंच. शब्द दिला मी. मी मानत न्हाई असलं काई. फक्त गल्लीत कुणी इचारलं तर जेजुरी सांगायचं. आडनाव बसतंयच. फोटो आतल्या खोलीत लावा, माझी ना न्हाई." मग ते आईकडं वळले. "आन् आक्का, तेवढं फोनवर जयभीम जरा हळू म्हणायचं. काय हाय, लोकं उद्या मलाच नावं ठेवतील."

नकार मला नवा नाही, नकाराला कसं उत्तर द्यायचं तेही मला येतं. पण हा नकार नव्हता. समोरचा माणूस माझ्यावर उपकार करत होता, डोळ्यांतलं पाणी अजून वाळलं नव्हतं, आणि मागच्याच आठवड्यात मी फळ्यापुढं उभी राहून जे सांगितलं होतं ते तो मला चहाबरोबर देत होता. त्याला त्यात काहीही वावगं दिसत नव्हतं, याचा मला जास्त धक्का बसला. एखाद्यानं थोबाडीत मारावी आणि वर दुखलं का म्हणून काळजीनं विचारावं, तसं झालं. खिडकीखाली ऊन तसंच पडलेलं होतं. मी तोंड उघडलं. मी काय बोलणार होते, ते मला आजही सांगता येत नाही.

आईनं कप खाली ठेवला.

"आबा, तुमच्या पोराच्या शेजारची ती म्हातारी. काचा फुटल्यावर तिनं गल्लीला काय सांगितलं? मी गोरी हाय म्हनून?"

आबा हसले. "तिला कसं सांगता येईल, आक्का? रंग दिसतोय की तिचा."

"माझा दिसत न्हाई," आई म्हणाली. "म्हनून मला त्वांडानं सांगावं लागतं."

आबांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. त्यांना राग आला नव्हता, ते गोंधळले होते. एवढं चांगलं केलं तरी यांचं बिनसलं कुठं, असं काहीतरी त्यांच्या डोळ्यांत होतं.

आईनं माझ्याकडं हात केला. "ऊठ गं. जिना चढीन मी."

रिक्षा करून आम्ही परतलो. इमारतीपाशी उतरलो आणि आई कठडा धरून एकेक पाऊल वर टाकायला लागली. पहिल्या मजल्यावर तिला धाप लागली, म्हणून ती पायरीवरच बसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. वरवंडहून मावशीचा होता. आईनं फोन कानाला लावला आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जयभीम, आक्का!"

वर कुणाचं तरी दार उघडलं. मी आईचा दुसरा हात धरून तिथंच उभी राहिले.