विजयाची ब्रेल पट्टी

आमची विजया जन्मांध. लगेच "अरेरे" करू नका. तिला ते खपत नाही आणि मलाही नाही. केंद्र सरकारच्या एका कचेरीत ती टेलिफोन ऑपरेटर होती. नुसत्या "हॅलो"वरून साहेबाचा मूड सांगायची. मी हणमंत, त्याच इमारतीत कारकून. तिचा आवाज ऐकून मी लग्नाला तयार झालो; माझा चेहरा बघून कुणी झालंच नसतं.

पन्नाशी उलटली आणि तिचे कान गेले. हळूहळू गेले, पण पार गेले. ऑपरेटरचे कान! देवाला घ्यायला दुसरं काही सापडलं नाही मेल्याला.

तेव्हा आमच्या मुलाने, निखिलने, ती पट्टी आणली. कॉम्प्युटरला जोडायची. मी की-बोर्डवर टाइप केलं की पट्टीवर ब्रेलचे बारीक ठिपके वर येतात, विजया बोटं फिरवून वाचते आणि तोंडाने उत्तर देते. तेही केवढ्यांदा! स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ना. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गाझियाबादला वसुंधरा कॉलनीत आलो, तर इथल्या शेजाऱ्यांना आमच्या घरची भाजी रोज कळते. पट्टी नसेल तर तिच्याशी बोलायला दुसरी वाटच नाही. तळहातावर अक्षरं गिरवावीत, तर जन्मांध बाईला 'अ'चा आकार कुठून ठाऊक? आणि मला ब्रेल येत नाही.

गेल्या वर्षी निखिलची गुरुग्रामची नोकरी गेली. मग त्याने लाकडावर अक्षरं जाळून कोरणारं मशीन घेतलं, दारावरच्या नावाच्या पाट्या करायला. घरात कॉम्प्युटर एकच, त्यालाच मशीनही जोडलेलं. घरभर जळक्या लाकडाचा वास. विजयाचं नाक चांगलं तिखट, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ तोफखाना सुरू. "काढ ते धूड घरातून! गुदमरून मरेन मी!"

त्या दिवशी सरोजिनी नगरच्या क्वार्टरांसाठी पहिली मोठी ऑर्डर पोचवायची होती. आणि कॉम्प्युटर अपडेट केल्यापासून मशीनचा पत्ताच नाही! निखिल घामाघूम. त्याने मला समजावलं ते असं, की त्याच्या कॉम्प्युटरवरच्या लिनक्स सिस्टीममध्ये जोडलेल्या प्रत्येक यंत्राची एक फाइल तयार होते, 'डेव्ह' नावाच्या फोल्डरात. फाइल असेल तर यंत्र आहे. नसेल तर टेबलावर हत्ती का बसलेला असेना, कॉम्प्युटरच्या लेखी तो नाही. मशीनची फाइल क्षणभर उगवायची आणि गायब व्हायची. शोधता शोधता कारण सापडलं. मशीनमध्ये जी चिप आहे, तसलीच काही ब्रेल पट्ट्यांमध्येही असते. त्यामुळे विजयाची पट्टी चालवणारा प्रोग्राम मशीनलाही पट्टी समजून ताब्यात घेत होता.

"तो प्रोग्रामच काढतो, बाबा. पाट्या झाल्या की परत टाकतो."

"आईला सांग आधी."

"नको यार बाबा, परत वाद घालेल. झोपलीये ना ती?"

झोपली होती. मीही उठवलं नाही. पाट्या झाल्या, उशीर झालेलाच होता, तो पिशवी उचलून तसाच धावला. प्रोग्राम टाकायचा राहिला.

विजया उठून टेबलाशी आली. "अहो, चहा?" म्हणत बोटं पट्टीवर ठेवली. पट्टी सपाट. मी टाइप करतोय, "थांब, बिघाड झालाय." कुणासाठी टाइप करत होतो कोण जाणे.

"अहो? निखिल?" तिने हवा हुंगली. "वास येतोय. मशीन चाललं, म्हणजे कॉम्प्युटर चालू आहे. मग माझीच पट्टी कशी बंद?" आणि तिचा चेहरा पडला. "मुद्दाम केलंत. माझं तोंड बंद होत नाही म्हणून माझी पट्टी बंद केलीत!"

मी तिचा तळवा माझ्या गालावर ठेवला आणि मान हलवली. नाही, नाही.

"नाही काय? बोलायचं नाही माझ्याशी? असं?" तिने हात ओढून घेतला.

निखिलला फोन लावला. तो मेट्रोतून एकेक अक्षर सांगत होता, मी टाइप करत होतो. पासवर्ड टाकला, तर पडद्यावर काही दिसेना. "दिसत नाही बाबा, पण पडतोय," म्हणे. काय पडतोय, कपाळ! दर वेळी चूक. शेवटी ओरडलो, "मरू देत तुझ्या पाट्या, घरी ये!" वरच्या मजल्यावरची बाई दारात, "अंकल, आंटी को क्या हुआ?" काय सांगू तिला?

तोवर विजयाचा राग ओसरला होता. राग होता तेव्हा बरं होतं हो. आता ती टेबलाची कड धरून विनवत होती, "नाही बोलणार मी वासाबद्दल. शपथ. दिवसभर चालव रे मशीन, निखिल. अहो, सांगा ना त्याला. पण हे चालू करा. मला असं ठेवू नका." माझ्या डोळ्यांना धार लागली. मी तिच्या शेजारी होतो, तिचे खांदे धरले होते, आणि तिला खरी गोष्ट सांगू शकत नव्हतो.

निखिल संध्याकाळी आला. प्रोग्राम परत टाकला, आणि त्या चिपचं यंत्र पट्टी समजावं असा जो नियम होता, तेवढी एक ओळ बंद केली. आता फोल्डरात मशीनची फाइल होती आणि पट्टीही चालू. एक ओळ! अख्खा प्रोग्राम उपटायची गरजच नव्हती.

ठिपके वर आले तशी विजयाने दोन्ही हातांनी पट्टी घट्ट धरली. निखिलने सगळं लिहिलं. माफी मागितली, मशीनचं सांगितलं, मुद्दाम नव्हतं हेही लिहिलं. तिने सावकाश वाचलं, एकदा मागे जाऊन परत वाचलं. मग प्रथमच हळू आवाजात बोलली.

"बरं. पण परत बंद करायचं असेल ना, तर आधी सांगत जा रे. म्हणजे बंद व्हायच्या आत मी सगळं विचारून घेईन. सांगशील ना?"

आणि बोटं ठिपक्यांवर ठेवून ती उत्तराची वाट बघत बसली. की-बोर्ड माझ्या आणि निखिलच्या मधे होता, आणि एकाचाही हात पुढे होईना.