खिडकीतलं जर्मनचं ताट

औषधाच्या बाटलीवर एक्स्पायरी छापलेली असते, किश्श्यांवर नसते. ठाण्यातल्या आमच्या छातीच्या दवाखान्यातली नोकरी सोडून मला कितीतरी वर्षं झाली. पण अजून कुणी शेजारी जोरात खोकलं की मला एक किस्सा आठवतो, आणि त्याच्या मागून बाकीचे रांग लावून उभे राहतात.

ऐंशीच्या दशकातले शेवटचे दिवस. दवाखान्यात आम्ही तिघं: डॉक्टर खांबेटे, कंपाउंडर पेडणेकर आणि मी. माझं काम घरभेटीचं. क्षयाचं औषध महिनोन्महिने घ्यावं लागतं, आणि माणसाला धीर कुठला! दोन महिन्यांत खोकला जायचा आणि खोकल्यापाठोपाठ पेशंटही जायचा. मग मी छत्री, पिशवी घेऊन त्याच्या शोधात निघायची. आंबिवली म्हणू नका, डोंबिवली म्हणू नका. मला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. पेशंट मला लांबून बघून मागच्या दाराने पळत, हेही सांगून टाकते.

*

पहिला किस्सा डोंबिवलीच्या एका वहिनींचा. त्यांचे यजमान सरकारी नोकर, महिनाभर खोकत होते. डॉक्टरांनी सांगितलं, "उद्या सकाळी उठल्याउठल्या जो बेडका पडेल तो या डबीत आणा."

दुसऱ्या दिवशी वहिनी एकट्याच डबी घेऊन आल्या. तपासणीत क्षयाचे जंतू सापडले. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवलं आणि अगदी हळू आवाजात समजावलं, "घाबरू नका. तुमचे यजमान पूर्ण बरे होतील."

वहिनींचा चेहरा पांढराफटक.

"अहो डॉक्टर, पण ह्यांना ऑफिसची घाई होती, ह्यांनी काही डबी भरली नाही. रिकामी डबी कशी आणायची, म्हणून मी माझंच घातलं त्यात! मला पण जरासा खोकला होताच की."

मग डॉक्टरांनी यजमानांना रजा घ्यायला लावून बोलावलं, तपासलं, तर त्यांना बिड्यांपलीकडे काही नव्हतं. नवऱ्याची काळजी करता करता या बाईने चुकून स्वतःला वाचवलं. एरवी स्वतःसाठी ती दवाखान्याची पायरी चढली असती, असं तुम्हाला वाटतं?

*

आणि याच सुमारास जानकीबाई आल्या.

खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. बाजारात मासळी विकायच्या. खाडीचं पाणी तेव्हाच काळं पडायला लागलं होतं, मासळी कमी झालेली, पण जानकीबाईंचा आवाज कमी झाला नव्हता. आजार कळला तेव्हा रडल्या नाहीत. फक्त विचारलं, "बरी व्हईन ना? मना नात मांडीवर घ्यायचीय."

पहिल्या घरभेटीला गेले तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थ कळला. घरात स्टीलची ताटं मांडणीवर झळकत होती, आणि खिडकीत एकच ॲल्युमिनियमचं, आपण जर्मनचं म्हणतो ते, ताट आणि पेला. जानकीबाईंचा. त्या बाहेर ओट्यावर एकट्या जेवायच्या. नात सोनी नुकती चालायला लागलेली. ती आजीकडे धावली की सून कांता तिला कमरेला धरून मागे ओढायची. कांता वाईट नव्हती हो. घाबरलेली होती.

मी तिला सांगितलं, "अगं, हा आजार ताटातून पसरत नाही. आणि औषध नीट चालू राहिलं की पुढे यांच्यापासून कुणाला होणारही नाही."

"हो बाय, हो बाय," कांता म्हणाली. ताट खिडकीतच राहिलं.

*

आमच्याकडे एक गोळी होती, ती घेतली की लघवी लालभडक व्हायची. डॉक्टर प्रत्येकाला आधी सांगायचे. ऐकतो कोण? खडवलीचे एक पाटील पहिली गोळी घेऊन घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी घामाघूम होऊन परत आले. "डॉक्टर, सगळं रक्त चाललंय! बायकोला सांगून आलोय, मी काही आता परत येत नाही!"

डॉक्टरांनी त्यांची पाठ थोपटली. "शाब्बास! म्हणजे गोळी घेतलीत."

तेव्हापासून डॉक्टरांना युक्तीच सापडली. कोण गोळ्या घेतो, कोण घेत नाही, ते रंगावरून कळायचं. ते केबिनमधूनच ओरडायचे, "काय हो, रंग आला का?" आणि बाकावरून उत्तर यायचं, "आला!" नवीन पेशंटला वाटायचं, इथे पत्त्यांचा डाव पडलाय की काय.

एक दिवस जानकीबाईंना विचारलं, "रंग आला का?"

"कवा येतो, कवा नाय."

डॉक्टर खुर्चीतून उठले.

चौकशी केली तर बाईंनी गोळ्यांचे वाटे घातले होते! शेजारचा धर्मा खोकत होता, त्याला दोन. जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्याला दोन. स्वतःला उरतील त्या.

"आमच्यात होडी लागली का सगल्यांचा वाटा पडतो, डाक्टर. होडीचा, जाल्याचा, मानसांचा. मना एवरा बरा वाटला गोल्यांनी, मी एकटीच कशी खाऊ?"

डॉक्टरांचा आवाज सहसा चढत नसे, त्या दिवशी चढला. "अहो, अर्धवट औषध घेणं म्हणजे जंतूंना शिकवणी लावणं! मार खाऊन जे उरतात ते हुशार होऊन परत येतात. मग ही गोळी त्यांना फुटाण्यासारखी! आता तुमचं सगळं पहिल्यापासून."

"पयल्यापासून? मंग सोनी?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. तो पुसत म्हणाले, "जानकीबाई, वाड्यात जो जो खोकतो त्याला इथे घेऊन या. इथे ज्याचा त्याला अख्खा वाटा मिळेल. तुमच्यातला मात्र द्यायचा नाही."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही! अर्धा कोळीवाडा बाकावर, आणि जानकीबाई बाजारातल्या आवाजात एकेकाला आत ढकलत होत्या. "ए धर्मा, डाक्टरांसमोर नीट खोक! इकरं आनून मना लाजवू नको!"

धर्मा नीट खोकला. त्याला खरंच क्षय निघाला. जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्याला मात्र काही निघालं नाही.

*

आता जरा हसण्यासारखं सांगते. डोंबिवलीचीच मीनल म्हणून एक मुलगी, बी.कॉम.ला. तिचा औषधाचा कोर्स संपत आला होता. घराबाहेर कुणालाही कळू द्यायचं नाही अशी तिच्या आईची सक्त ताकीद. एकदा मीनल ठरल्या दिवशी औषध न्यायला आली नाही, म्हणून मी तिच्या घरी गेले. दार उघडलं तर समोर पाहुणे, मुलगी बघायला आलेले! हातात पोह्यांच्या बशा.

मीनलच्या आईने क्षणभरही वेळ घालवला नाही. "या या! या मीनलच्या शिवणक्लासच्या बाई!"

मला शर्टाचं बटण लावता येत नाही. पण बसले. मुलाच्या आई लगेच पाठ करून उभ्या राहिल्या. "बरं झालं भेटलात. हा ब्लाउज खांद्यावरून उतरतोय, बघा ना जरा." मी चष्मा लावून गंभीरपणे म्हणाले, "कटिंगच चुकलंय." त्या खूश! मुलगा मात्र पोह्यात तोंड घालून इतका हसत होता की त्याला ठसका लागला.

पुढच्या आठवड्यात तोच मुलगा दवाखान्यात हजर. मला म्हणाला, "बाई, ओळखलं नाहीत? मागच्या वर्षी मी इथेच होतो. पेडणेकरांच्या हातची सगळी इंजेक्शनं घेतलीत. मीनलला सांगा, मी पण त्याच शिवणक्लासचा विद्यार्थी आहे. आईला मात्र आम्ही दोघंही सांगणार नाही."

मी तेव्हा चक्क रडले. पेडणेकर म्हणाले, "बाई, लग्न त्यांचं, पाठवणी तुमची का?"

लग्नाला डॉक्टर दोन्ही पंगतींत जेवले. ते मुलाकडचे की मुलीकडचे, हे मांडवात शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

*

डॉक्टर खांबेट्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. माणूस देवासारखा, पण स्वच्छतेचं भारी वेड. हात धुवायला लागले की साबण रडायचा. पाण्याचा ग्लास उजेडात धरून पाहिल्याशिवाय ओठाला लावायचे नाहीत. कोपऱ्यावरच्या टपरीतून चहा आला की आम्हाला काचेच्या ग्लासात, आणि डॉक्टरांना त्यांच्या घरच्या निळ्या काठाच्या कपात. तो कप ड्रॉवरमध्ये राहायचा. ते स्वतःच विसळायचे. पेडणेकरांनीही त्याला हात लावायचा नाही.

जानकीबाईंचा कोर्स आता सुरळीत चालू होता. एकदा त्या समोर बसलेल्या असताना चहा आला. डॉक्टरांनी ड्रॉवर उघडला, कप काढला, चहा ओतून घेतला, कप विसळला, परत ठेवला. जानकीबाई सगळं टक लावून बघत होत्या. मग टेबलावर वाकल्या आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलल्या.

"डाक्टर, कवापासून हाय तुमाला?"

"काय?"

"त्यो आजार. कप येगला केलाय ना घरच्यांनी, म्हून इचारला. घाबरू नका. गोल्या टायमावर खा, बरे व्हाल."

पेडणेकर हसू दाबायला बाहेर पळाले. डॉक्टर मात्र हसले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते आमच्यासारखेच टपरीच्या ग्लासात चहा पिऊ लागले. निळ्या काठाच्या कपात पेनं उभी राहिली.

*

जानकीबाईंचा शेवटचा रिपोर्ट साफ आला तो श्रावणात. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही बऱ्या झालात!"

जानकीबाईंनी हात जोडले, पण तोंडावर आनंद नाही. "मंग माजा ताट?"

"घरच्यांना सांगा की आता."

"मी सांगून कोन ऐकतं? तुमी या. नारली पुनवेला जेवायलाच या."

डॉक्टर शाकाहारी. मासळीच्या वासाने त्यांचं डोकं धरायचं. तरी आले, नाकाला रुमाल लावून आले, आणि कोळीवाड्याच्या तोंडाशी आल्यावर तो रुमाल घडी करून खिशात ठेवला. जानकीबाईंनी त्यांच्यासाठी वेगळ्या चुलीवर नारळीभात केला होता. मी, पेडणेकर, बरा झालेला धर्मा, जानकीबाईंचा मुलगा, सगळे पंगतीला बसलो. समोर स्टीलची ताटं. जानकीबाई सवयीने ओट्याच्या दाराशी बसल्या. सोनी आईच्या कडेवर.

डॉक्टरांनी आपल्यासमोरचं ताट बाजूला सारलं.

"मला ते द्या," ते खिडकीकडे बोट करून म्हणाले.

कांता जागच्या जागी थिजली. "अवो डाक्टर, ता आयेचा हाय..."

"माहीत आहे मला. धुतलेलं आहे ना? मग वाढा."

तिने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने जमिनीकडे. शेवटी जर्मनचं ताट खिडकीतून खाली आलं. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात ग्लास उजेडात धरून पाहिल्याशिवाय पाणी प्यायलं नव्हतं, त्याने त्या ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. नारळीभात वाढून घेतला, संपवला, बोटं चाटली आणि म्हणाले, "अजून वाढा."

एवढ्यात सोनी आईच्या कडेवरून घसरली, दुडुदुडु डॉक्टरांपाशी गेली आणि त्यांच्या ताटातला गुळाने माखलेला काजू उचलून तोंडात टाकला. कांताचा हात पुढे झाला. आणि तसाच थांबला. पोर काजू चघळत चघळत गेली ती थेट आजीच्या मांडीत जाऊन बसली.

जानकीबाईंनी तिला हात लावायच्या आधी एकदा सुनेकडे पाहिलं. कांताने पदर डोळ्यांना लावला आणि मान हलवली. मला समोरचं काही दिसेना. पेडणेकर उगाचच मीठ मागत होते.

गणपती झाल्यावर मी पुन्हा त्या घरी गेले. तशी गरज नव्हती, पण राहवेना. दुपारची जेवणं चालली होती. जानकीबाई आत, सगळ्यांत, स्टीलच्या ताटात जेवत होत्या. मांडीवर सोनी, आणि आजी काटे काढून काढून तिला बोंबील भरवत होती. मला बघून ओरडल्या, "ये बाय, बस!"

बसता बसता माझं लक्ष खिडकीत गेलं. तेच जर्मनचं ताट! पुन्हा वेगळंच ठेवलेलं. राखेने घासून आरशासारखं लखलखीत केलेलं, आणि त्यात जास्वंदीचं एक फूल.

माझा पाराच चढला. म्हटलं, "काय गं कांता? डॉक्टर स्वतः त्यात जेवून गेले, तरी तुमची भीती जात नाही? अजून ते ताट वेगळंच?"

कांताने दोन्ही कानांना हात लावले.

"भीती नाय ओ बाय! पन आमी त्याच्यात कसा जेवनार? डाक्टरांचा ताट हाय ता!"