ती शिवी माझी होती

आजवर हे माझ्या तोंडातून निघालेलं नाही. बहिणीला सांगितलं नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना तर नाहीच. तुला सांगते, कारण तुझा चेहरा मला दिसत नाही. समोर माणूस असलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते — लहानपणापासूनचं आहे ते. उपासनेचे छापील कागद दर रविवारी उरतात, त्यांची मागची बाजू कोरी असते. त्यावर लिहिते आहे. चर्च झाडणारी मीच, तेव्हा कागद कुठे गेले हे विचारणारं कुणी नाही.

आमचं चर्च मांजरी गावाच्या अलीकडे. सव्वीस वर्षं मी तिथे झाडते, बाकं पुसते, उपासना सुटली की चहा करते. मंडळीतले सगळे मला सुमनमावशी म्हणतात. आणि कुणाला माझी ओळख करून द्यायची तर एक शब्द ठरलेला — साध्या. 'आमच्या सुमनमावशी, फार साध्या.' ह्या शब्दाचा मला आता इतका संताप येतो! पण तेव्हा येत नव्हता. तेव्हा आवडायचा. त्याचंच तर सांगायचं आहे.

साखळी प्रार्थना तुला माहीत आहे का? शुक्रवारी दुपारी आम्ही बायका गोल बसतो, एकमेकींचे हात धरतो. एकीने मोठ्याने प्रार्थना करायची, संपली की शेजारणीचा हात दाबायचा — म्हणजे आता तू. जिला बोलायचं नसेल तिने गुपचूप पुढचा हात दाबायचा. बाकीच्या बायका काय बोलतात! हे परमदयाळू पित्या, आम्ही अपात्र लेकरं तुझ्या चरणांशी लीन होतो. असले शब्द माझ्याकडे नाहीत. माझी शाळा चौथीपर्यंतची. माझा हात दाबला गेला की मी पुढचा दाबते. इतक्या वर्षांत एकदाही बोलले नाही, आणि त्यावरून कधी कुणी हसलं नाही. साध्या आहेत, म्हणाले.

पण मला प्रार्थना येतच नव्हती असं नाही. एकदा केली होती.

आशा माझी मुलगी. सहा वर्षांची होती, ताप डोक्यात गेला. दवाखान्यात चौथ्या दिवशी मंडळीतल्या बायका आल्या आणि खाटेभोवती उभं राहून गाणी म्हणायला लागल्या. गोड, सावकाश. माझ्या पोरीचे डोळे पांढरे झालेले, आणि ह्या बायका सुरात गातायत. मी उठले, संडासात गेले, कडी लावली, नळ सोडला. आणि देवाला म्हणाले — मुडद्या, बहिरा झालास का? माझी पोर इथे जळतेय आणि तू गाणी ऐकत बसलायस? ये खाली. नाही आलास तर पुन्हा तुझं तोंड बघणार नाही.

आमच्याकडे आई पोराला मुडद्या म्हणते. चिडली की, घाबरली की, तो उशिरा घरी आला की. परक्याला कुणी असं म्हणत नाही. मी त्याला घरचा समजून म्हणाले.

तो आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आशा गेली.

हे इतकी वर्षं आत होतं. एकाच माणसाला सांगितलं — रेचलला. आमच्या तरुण संघातली ही मुलगी, गिटार वाजवायची. तीन मुलं घेऊन तिने बँड काढला होता. चर्चमागच्या खोलीत त्यांची प्रॅक्टिस चालायची. चहा पिऊन सगळे पळायचे, ही कप धुवायला थांबायची.

एकदा कप विसळता विसळता म्हणाली, "मावशी, तुम्ही कधीच का हो प्रार्थना करत नाही?"

"मला येत नाही बाई."

"खोटं. गॅस पेटला नाही की काय काय बोलता ते ऐकलंय मी."

मला हसू आलं. आणि त्या हसण्यात कधी सांगून बसले कळलं नाही. नळ, कडी, मुडद्या, सगळं. ती हसली नाही. ओला कप पुसून ठेवला. मग म्हणाली, "ह्याचं गाणं करू? तुमचं नाव नाही घेणार. शप्पथ."

मी हो म्हणाले. हे विसरू नकोस — मी हो म्हणाले होते.

उपकारस्तुतीच्या सणाला शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणतात. वेदीपाशी उसाच्या मोळ्या, भोपळे, मेथीच्या जुड्या रचलेल्या. त्यामागे रेचल आणि तिची पोरं उभी राहिली. ड्रम असा वाजला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. आणि ती ओरडली — गायली नाही, ओरडली — मुडद्या, बहिरा झालास का! मी नळाच्या आवाजाआड जे दाबून बोलले होते, ते तिने छपराला लागेल असं म्हटलं. मी चहाच्या पातेल्यापाशी उभी होते. मला वाटलं, माझ्या आशासाठी आज कुणीतरी नीट रडलं.

कुणीतरी फोनवर शूटिंग केलं होतं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या ग्रुपवर. देवाला शिवी! तीही वेदीसमोर! दुसऱ्या चर्चच्या मंडळ्यांतून फोन यायला लागले. रॉक म्हणजे सैतानाचा धिंगाणा, हे आम्ही आधीच सांगत होतो म्हणे. कोण सांगत होतं? टँकर आला की हंड्यासाठी एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरणाऱ्या बायका कानांवर हात ठेवून बसल्या. त्यांचा मला राग येतो. पण त्या निदान आपल्याला माहीत नसलेल्या गोष्टीवर बोलत होत्या. मला तर माहीत होतं.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर सगळ्यांना थांबवून सभा घेतली. कमिटीचे सेक्रेटरीसाहेब उभे राहिले. निवृत्त शिक्षक, आवाज मऊ, बोलणं सुरीसारखं.

"छान केलंत. मुलांना शिव्या शिकायला बाहेर जावं लागत होतं. आता इथेच सोय झाली."

माणसं हसली. रेचल उभी राहिली.

"सर, ती शिवी नाहीये. ती प्रार्थना आहे. आपल्याच मंडळीतल्या एका आईची."

"असं? मग नाव सांगा की आईचं."

"नाही सांगणार. शब्द दिलाय मी."

"म्हणजे अशी कुणी नाहीच."

तेव्हा पाळकसाहेब बोलले. ते भले माणूस. म्हणाले, "अशी कुणी बहीण इथे असेल तर तिने सांगावं. तिला कुणी एक शब्द बोलणार नाही. आणि मग हे गाणं मी स्वतः पुन्हा इथे म्हणवून घेईन."

ऐकलंस ना? दार उघडं होतं. सताड उघडं. मला फक्त 'मी' म्हणायचं होतं. एक अक्षर.

मी चहाचा ट्रे घेऊन बाकांच्या मधल्या वाटेत उभी होते. सेक्रेटरीसाहेबांची नजर माझ्यावर पडली.

"सुमनमावशी, तुम्हीच सांगा. तुम्ही साध्या बाई. पोटचं लेकरू गमावलंत. तुम्ही तरी कधी देवाला असलं काही बोललात का?"

सगळ्या माना वळल्या. रेचलची वळली नाही. ती खाली बघत होती — मला मोकळं सोडायला, हे मला तेव्हाच कळलं होतं.

"नाही," मी म्हणाले.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. त्यांना तेवढंच हवं होतं. पण मी पुढे बोलले. जिला कधी चार माणसांत शब्द फुटला नाही, ती मी, न विचारता पुढे बोलले — "असं कोण बोलेल हो देवाला? घाण तोंडाची बाई असेल कुणी."

घाण तोंडाची. माझ्याच तोंडाला म्हणाले. आशासाठी जन्मात एकच खरी प्रार्थना केली होती, तिला म्हणाले.

"ऐकलंत?" सेक्रेटरीसाहेब म्हणाले. "ही खरी श्रद्धा. शिका ह्यांच्याकडून."

तू म्हणशील, घाबरली असेल बिचारी. नको म्हणू. काम जाण्याची भीती नव्हती. पहाटे येऊन एवढी बाकं पुसणारी दुसरी कोण मिळणार होती त्यांना? नवरा तोवर वारला होता, घरी जाब विचारणारं कुणी नव्हतं. मग का? मी हे चार वर्षं उलटंपालटं करून पाहिलं आहे, आणि दर वेळी तेच हाती लागतं. मला बरं वाटलं. शिका ह्यांच्याकडून, असं ते म्हणाले, दोनशे माना माझ्याकडे बघून हलल्या, आणि मला छातीत ऊब आली. हातातला ट्रे एकदम हलका झाला. साधेपणा कसला आलाय त्यात? त्या उबेसाठी मी त्या पोरीला विकलं.

मग पाळकसाहेब म्हणाले, साखळी प्रार्थना करून शांत होऊ. मी ट्रे बाकावर ठेवला. सगळे हात धरून उभे राहिले. रेचल आपली जागा सोडून आली आणि माझ्या डावीकडे उभी राहिली. तिच्या बोटांना गिटारच्या तारांचे घट्टे होते. तिची पाळी आली. तिने माझा हात दाबला — दाबला आणि सोडला नाही, दाबूनच धरला. घट्टे माझ्या तळव्यात रुतले. आणखी एक संधी देत होती मला. एवढं ऐकून घेतल्यावरसुद्धा.

मी उजवीकडचा हात दाबला. तो सेक्रेटरीसाहेबांच्या बायकोचा होता. तिने सुंदर प्रार्थना केली.

लेखी माफी दिल्याशिवाय गाता येणार नाही, असं कमिटीने ठरवलं. रेचलने माफी लिहिली नाही. बँड मोडला. ड्रम अजून मागच्या खोलीत चादरीखाली आहे, त्यावरची धूळ मी झटकते. रेचल आता हिंजवडीत नोकरी करते, तिकडेच राहते. गिटार घरी कपाटावर टाकून गेली. कुठल्याच चर्चला जात नाही. तिची आई मला हे सांगते, कारण मी ऐकून घेते. दर नाताळला ती करंज्यांचा डबा आणते — "रेचल म्हणाली, सुमनमावशींना आधी दे." म्हणजे पोरीने आईलाही सांगितलेलं नाही. शब्द पाळला. मी डबा घेते. करंज्या खाते.

गेल्या शुक्रवारी दुपारी आम्ही गोल बसलो होतो. माझ्या डावीकडे रेचलची आई होती. तिची पाळी आली. तिला मोठे शब्द सुचले नाहीत. माझी पोर परत आण, एवढंच म्हणाली, पुन्हा पुन्हा, आणि रडली. माझ्या पोरीचं काय चुकलं ते मला सांग, म्हणाली. मग तिने माझा हात दाबला.

मी पुढचा दाबला.