लग्नात नसलेला कोयता

पडद्यावर ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी तेलुगू अक्षरं उमटली आणि बाबांनी सबंध थिएटरात एकट्यानं टाळ्या वाजवल्या. सत्य घटना म्हणजे आमच्या आईबाबांचं लग्न. पुढचे अडीच तास मी त्या पडद्यावर आईबाबांना शोधत होते आणि ते शेजारच्या खुर्च्यांवर बसले होते.

घटना तशी एवढीशी आहे. बाबा परभणीकडचे, आई इथली तेलुगू. दोघं एकाच ऑफिसात कारकून. चार वर्षं एकमेकांचे डबे खाल्ले आणि मग बाबांनी विचारलं. चाळीसेक वर्षांपूर्वी नारायणगुड्याच्या एका हॉलमध्ये तेलुगू पद्धतीनं लग्न लागलं. त्या पद्धतीत काशीयात्रा असते. मुहूर्ताआधी नवरदेव ‘मला संसार नको, मी चाललो काशीला’ म्हणत छत्री आणि काठी घेऊन निघतो. मग मुलीचा भाऊ हातात गूळ घेऊन आडवा येतो, समजूत घालतो आणि त्याला परत आणतो. सगळं मिळून वीस पावलांचं नाटक. आईला भाऊ नाही, म्हणून हे काम तिच्या वडिलांकडे आलं. त्यांना आम्ही तातय्या म्हणतो.

बाबांना तेव्हा तेलुगू ओ का ठो कळत नव्हतं. भटजींनी खुणेनं सांगितलं, चालत राहा, थांबवतील. आणि थांबवायला कुणी आलंच नाही! बाबांकडची मंडळी दारात उभी राहून कौतुकानं बघत होती. त्यांना वाटलं, यांच्यात नवऱ्या मुलाला आधी देवदर्शनाला पाठवत असतील. बाबा मुळात आज्ञाधारक. सांगितलं चाल, तर चालले. पीतांबर, मुंडावळ्या, वर छत्री, भर मे महिन्यात ते थेट आबिड्सला पोचले. तिथे एका पानवाल्यानं विचारलं, “क्या नौशे मियाँ, शादी छोड के कां जारे?” बाबा म्हणाले, “काशी.” पानवाल्यानं त्यांना बसायला स्टूल दिलं. तेवढ्यात तातय्या रिक्षातून आले, गूळ पुढे केला आणि जावयाला घेऊन गेले. मुहूर्त सहा मिनिटांनी वाचला.

उशीर का झाला, तर आत डाळ करपली होती आणि तातय्या आचाऱ्यावर ओरडत होते. आमच्या घरात ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेलीय की ‘डाळ करपली’ म्हटलं की आम्ही हसायला लागतो.

विद्यानगरला आमच्या समोरच राहणारा एक जण ही गोष्ट ऐकत मोठा झाला आणि पुढे डायरेक्टर झाला. दोन वर्षांपूर्वी पेढे घेऊन आला. “अंकल, तुमच्या गोष्टीवर पिक्चर काढतोय.” बाबा हवेतच. ताबडतोब अल्बम काढला, छत्रीचा रंगसुद्धा सांगितला. तो मान डोलवत लिहून घेत होता. काय लिहीत होता देव जाणे, कारण पिक्चरमध्ये छत्री सोडून काहीच आमचं नव्हतं.

बाबा झाले पोलीस इन्स्पेक्टर. आमचे बाबा, जे झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतात! त्यांच्या लूनाची बुलेट झाली. ऑफिसचं झालं कॉलेज. परभणीची मंडळी फेटे बांधून उठसूट तुताऱ्या फुंकत होती आणि न्याहारीला वडापाव खात होती. अहो, आमच्या आजीनं जन्मात वडापाव खाल्ला नव्हता. आई तेवढी रडत होती. चार वाक्यं आणि बाकी रडणं. खरी आई ऑफिसात युनियनची सेक्रेटरी होती; तिच्यासमोर साहेब रडायचे.

हे सगळं तिनं चालवून घेतलं असतं. तिची तळपायाची आग मस्तकात गेली ती वेगळ्याच गोष्टीनं. ट्रेलरमध्ये मुलीचा बाप कोयता घेऊन उभा होता. मोठ्या मिश्या, लाल डोळे, मागे चाळीस गुंड. नवरदेवाला मांडवातून हाकलणारा तोच. म्हणजे आमचे तातय्या!

आईनं डायरेक्टरला घरी बोलावून घेतलं आणि उभाच ठेवला. “अख्खं भावकीचं पॅनेल विरोधात होतं. मराठ्याला मुलगी द्यायची नाही म्हणून काकानं बोलणं सोडलं. माझे नान्ना एकटे माझ्या बाजूनं उभे राहिले. त्यांच्या हातात तू कोयता देतोस?” तो म्हणाला, “आंटी, व्हिलन नसेल तर इंटरव्हलला काय दाखवू? करपलेली डाळ?” आई म्हणाली, “हौ, डाळच दाखव!” तो चहा न घेता गेला. आमच्याकडून चहा न घेता गेलेला तो पहिलाच माणूस.

त्या दिवसापासून आईनं एकच ध्यास घेतला, तातय्यांना हे कळता कामा नये. ते आता नव्वदीला टेकलेत, आमच्याकडेच असतात. आयुष्यात त्यांनी कुणाचं वाईट केलं नाही, आणि या वयात त्यांनी स्वतःला असं पाहायचं? आईला हे सोसवत नव्हतं. पेपरमधली जाहिरात ती सकाळीच कात्रीनं कापून टाकायची. तातय्या म्हणायचे, “आजकाल पेपरला भोकं का असतात?” पण खालच्या वॉचमननं एक दिवस त्यांना सलाम ठोकला, “तातगारू, तुमचा पिक्चर आला!” झालं. तातय्यांनी कपाटातून इस्त्रीचं धोतर काढलं. आई म्हणाली, गुडघे दुखतील, एसी सोसणार नाही, पिक्चर भिकार आहे. तातय्या म्हणाले, “माझ्या मुलीचं लग्न आहे. मी जाणार.”

म्हणून दुपारच्या शोला आम्ही चौघं. काशीयात्रेचा सीन आला तेव्हा आईनं तातय्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता. पडद्यावर बाप ओरडला, “चालता हो!” मग आबिड्सच्या भर चौकात हीरोनं छत्रीनं एकतीस माणसं लोळवली. बाबा पुटपुटले, “छत्री निळी होती.” तातय्या मात्र एकटक बघत होते. हसले नाहीत, चिडले नाहीत, आईनं डब्यातून नेलेला लाडूसुद्धा खाल्ला नाही.

घरी आलो. आई चप्पल काढायच्या आधीच सुरू झाली, “नान्ना, ते सगळं खोटं आहे. मनाला लावून घेऊ नका. त्या शहाण्याला मी नोटीसच पाठवते.” त्यांचं आपसात तेलुगूतच चालतं; मी आपली मराठीत सांगतेय.

तातय्या आरामखुर्चीत बसले. म्हणाले, “कोयता नव्हता. तेवढं खोटं आहे.”

“तेवढं म्हणजे?”

“मी आत नव्हतो गं. फाटकापाशीच होतो, खांबाआड. गूळ हातात होता. तुझ्या नवऱ्यानं दोनदा मागे वळून पाहिलं. मी पुढे झालो नाही. म्हटलं, जातोय तर जाऊ दे. तासाभरात मुहूर्त टळेल, पोरगी घरात राहील, माझा भाऊ परत बोलायला लागेल.”

बाबा पाण्याचा ग्लास हातात धरून तसेच उभे राहिले. “मामय्या,” ते म्हणाले, “मी तीन किलोमीटर चाललो हो.”

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली, कारण तातय्या धोतराच्या सोग्यानं डोळे टिपत होते. आयुष्यभर ज्यांना मी घरातला सगळ्यात साधा माणूस समजत होते, त्यांच्याकडे मला बघवेना. मला रागही आला, त्यांचा नाही, त्या डायरेक्टरचा. काही माहीत नसताना नेमकं तिथेच बोट कसं ठेवलं त्यानं?

“मग गेलात कसे?” मी विचारलं.

“आत आलो तर ही गौरीपूजेला बसलेली. मला म्हणाली, नान्ना, आणलंत ना त्यांना? मी म्हटलं, आणतो. तिथून रिक्षा केली.” मग आईकडे न बघता म्हणाले, “तू विचारलं नसतंस तर मी गेलो नसतो. चाळीस वर्षं तू चारचौघांत माझं कौतुक करतेस. मला प्रत्येक वेळी उठून जावंसं वाटतं. डाळीचं कुणी काढलं ते मला माहीत नाही. मी फक्त कधी नाही म्हटलं नाही.”

मला वाटलं, आता ही मोडून पडणार. जिच्या जोरावर ती सगळ्या भावकीशी भांडली ती एकच गोष्ट तिच्या हातातून गेली. ती जाऊन त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली.

“नान्ना, ‘आणतो’ म्हणताना तुम्ही माझा हात धरलात,” ती म्हणाली. “तुमचा पंजा गुळानं बरबटला होता. अख्खा खडा वितळून मनगटापर्यंत ओघळ आला होता. आचाऱ्यावर ओरडणारा माणूस गूळ इतका वेळ मुठीत धरून उभा राहतो का? मला तेव्हाच कळलं.”

तातय्यांनी मान वर केली. “मग डाळ?”

“डाळीचं मीच सांगितलं. तुम्ही रिक्षात बसलात, आणि पहिल्यांदा काकूनं विचारलं, बाप इतका वेळ कुठे होता म्हणून. मग काय करणार होते मी? माझ्याच लग्नात तुम्हाला व्हिलन करू?”